मधुमेह्याची रात्र

माझें बालपण पुण्यांतील एका जुन्या वाड्यांत गेलें. वाड्याचा संडास मागील अंगणाच्या टोकाला होता. रात्रीं तेथवर जावयाचें म्हणजे माजघराच्या दाराचा अडसर काढावयाचा, कंदिलाची वात मोठी करावयाची, चार पायऱ्या उतरावयाच्या आणि विहिरीला वळसा घालून जावयाचें, असा तो एक लहानसा प्रवासच असे. माझे आजोबा हा प्रवास एका रात्रींत चार चार, पांच पांच वेळां करीत. अडसर वाजला कीं आजी जागी होई. आजोबा परत येत, उशाशीं ठेवलेल्या तांब्यांतील पाणी घटाघट पीत आणि पुन्हां आडवे होत. तासा-दीड तासानें पुन्हां अडसर वाजे. घरांत याची कोणीं वाच्यता केली नाहीं. "वय झालें," असें आजोबा म्हणत, आणि आम्हीं तें खरें मानलें. दिवसां ते पेंगत, क्षुल्लक कारणावरून चिडत, वाचतां वाचतां त्यांच्या हातांतून वर्तमानपत्र गळून पडे. तेंहि आम्हीं वयाच्याच खातीं जमा केलें.

पुढें पायाची एक साधी जखम महिनाभर भरून येईना, म्हणून डॉक्टरांना बोलावणें पाठविलें. त्यांनीं जखम पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला तो जखमेविषयीं नव्हता. "रात्रीं किती वेळां उठतां?" असें त्यांनीं विचारलें. आजोबा उत्तर देण्याच्या आधींच दाराआडून आजी म्हणाली, "पांच वेळां." मधुमेहाचें निदान त्या क्षणींच झालें म्हणावयाचें, मूत्रपरीक्षेनें त्यावर शिक्कामोर्तब केलें इतकेंच.

तो प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला. पुढें या रोगाचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, ज्या लक्षणाविषयीं डॉक्टरांनीं विचारलें तें या रोगाचें सर्वांत जुनें ओळखचिन्ह आहे. दोन हजार वर्षें वैद्य त्याच्या मागावर आहेत. त्यांनीं मूत्राचें माप घेतलें, त्याचा रंग पाहिला, चव पाहिली, तें आटवून खालीं काय उरतें हेंहि पाहिलें. रोग्याची झोप मात्र फारच थोड्यांनीं मोजली. मधुमेहाचा इतिहास आजवर पुष्कळांनीं सांगितला आहे. आज मी तो त्या न मोजलेल्या रात्रीच्या बाजूनें सांगणार आहें.

आपल्याकडील वैद्यकापासूनच आरंभ करूं. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता हे ग्रंथ इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत आजच्या रूपाच्या जवळपास आले, असें सामान्यतः मानतात. दोहोंतहि प्रमेह नांवाच्या रोगसमूहाचें सविस्तर वर्णन आहे. त्याचे वीस प्रकार सांगितले आहेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार. मधुमेह हा या शेवटच्या चारांपैकीं एक, व बरा होण्यास सर्वांत अवघड. विपुल आणि गढूळ मूत्र हें साऱ्या प्रकारांचें समान लक्षण होय. अशा मनुष्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, ही गोष्टहि चरकसंहितेंत नोंदली आहे. हें निरीक्षण प्रथम ज्यानें कोणीं केलें, त्यानें तें कोणत्या प्रयोगशाळेंत केलें नसणार. सकाळीं परसदारीं गेलेल्या एखाद्या घरच्या माणसानेंच तें केलें असावें.

आतां याच ग्रंथांतील झोपेचा उल्लेख पाहा. प्रमेहाचीं कारणें सांगतांना चरकानें अगदीं आरंभींच दोन सुखांचीं नांवें घेतलीं आहेत : एक बसून राहण्याचें सुख, व दुसरें झोपेचें सुख. दहीं, दूध, नवें धान्य, गुळाचे पदार्थ हीं त्यामागून येतात. सुश्रुतानें रोग्यांचे दोन वर्ग केले आहेत. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला. तो कृश असतो, कमी खातो, आणि त्याला तहान फार. दुसरा अपथ्यानें रोगी झालेला. तो स्थूल असतो, पुष्कळ खातो, आणि त्याला आसन, शय्या व निद्रा प्रिय असतात. आजचे डॉक्टर मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानतात, त्यांची पुसट चाहूल या विभागणींत लागते; दोन्ही विभागण्या तंतोतंत जुळतात, असा दावा मात्र कोणीं करूं नये. याच ग्रंथांत मधुमेह्याचें एक मोठें हृद्य चित्र आहे. चालत असला तर त्याला थांबावेंसें वाटतें, थांबला तर बसावेंसें वाटतें, बसला तर आडवें व्हावेंसें वाटतें, आणि आडवा झाला कीं झोपावेंसें वाटतें.

हें वर्णन वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें आजोबा उभे राहिले. प्राचीन आचार्यांनीं ही सुस्ती पाहिली आणि तिच्यांत रोगाची खूण ओळखली, यांत त्यांच्या दृष्टीची तीक्ष्णता आहे. पण ज्याची रात्र पांच ठिकाणीं फाटलेली आहे, तो दिवसां पेंगल्यावांचून कसा राहील? पेशींना साखर मिळत नाहीं म्हणून येणारा थकवा निराळा, आणि झोप न मिळाल्यानें येणारी पेंग निराळी; मधुमेह्याच्या वांट्याला दोन्ही येतात. ग्रंथांत ही फोड केलेली नाहीं. हें माझें अनुमान आहे.

उपाय सांगतांना सुश्रुताचा कटाक्ष या सुखलोलुप देहावरच आहे. जो निर्धन आहे, ज्याला कोणी आप्त नाहीं, त्यानें पायांत जोडा व डोक्यावर छत्री न घेतां, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें किंवा त्याहूनहि अधिक चालावें, अथवा विहीर खणावी, असें तेथें सांगितलें आहे. या उपायांतील तथ्य नाकारतां येत नाहीं. शरीरश्रमानें रक्तांतील साखर उतरते, हें आज कोणीहि डॉक्टर सांगेल.

सुश्रुताच्या काळापासून फार दूर नव्हे, अशा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत आशियामायनरच्या कॅपाडोशिया प्रांतांतील ॲरेटियस या ग्रीक वैद्यानेंहि या रोगाचें वर्णन लिहून ठेवलें. 'डायाबिटीज' हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला, त्याचा अर्थ आरपार जाणें, वाहून जाणें असा आहे. ॲरेटियसला वाटे कीं, रोग्याचें मांस व अवयवच वितळून मूत्रावाटे निघून जातात. उघडलेल्या पाटांतून पाणी वाहावें तसें मूत्र वाहतें, तें खंडतच नाहीं. तहान भागत नाहीं. पाणी तोडलें तर तोंड कोरडें पडतें व जीव कासावीस होतो. आणि असें आयुष्य दुःखाचें व थोडें असतें, असें तो सांगतो. मुंग्या व गोडी यांचा उल्लेख त्याच्यापाशीं नाहीं. पण जें अखंड चालतें त्याला दिवस काय अन् रात्र काय! रोग्याला विसावा नाहीं, ही गोष्ट या ग्रीक वैद्यानें जितकी ओळखली, तितकी त्याच्यामागून फार थोड्यांनीं ओळखली.

यापुढील दीड हजार वर्षें आपण एका उडींत ओलांडूं. सतराव्या शतकांत इंग्लंडमध्यें टॉमस विलिस नांवाचा एक विख्यात वैद्य होऊन गेला. मधुमेह्याचें मूत्र जणूं मध किंवा साखर मिसळावी तसें विलक्षण गोड लागतें, असें त्यानें १६७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लिहिलें. भारतीय वैद्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट युरोपीय वैद्यकांत त्याच्यामुळें रूढ झाली. विलिसचें स्मरण आणखी एका कारणानें करावयास हवें. त्याच्या दोन वर्षें आधीं, १६७२ सालीं, त्यानें रात्रीं बिछान्यावर पडल्यावर हातापायांना चैन पडत नाहीं, ते सारखे झटकावे लागतात व त्यापायीं झोप लागत नाहीं, अशा रोग्यांचें वर्णन केलें होतें. मधुमेह्यांतहि अनेकांना हा त्रास होतो. म्हणजे रोग्याची लघवी आणि रोग्याची झोप या दोन्ही गोष्टी एकाच वैद्याच्या टांचणांत होत्या. परंतु त्या दोहोंना जोडणारी ओळ त्यानें लिहिली नाहीं.

विलिसनंतर शंभर वर्षांनीं लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरानें या गोडीचा छडा लावला. त्याच्या रुग्णालयांत ३३ वर्षांचा एक रोगी होता. तो दिवसरात्रींत २८ पाइंट, म्हणजे आजच्या मापानें तेरा लिटरांहून अधिक, लघवी करी. डॉब्सननें ती मंद आंचेवर आटविली. खालीं पांढरट, भुसभुशीत असा गोळा उरला. त्याची चव साखरेहून वेगळी सांगतां येईना. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, रोग्याच्या रक्तांतील पातळ भागहि त्याला गोड लागला. १७७६ सालीं त्यानें हें सारें प्रसिद्ध केलें. साखर मूत्रपिंडांत तयार होत नाहीं. ती रक्तांत आधींच असते आणि मूत्रपिंड तिला केवळ बाहेर टाकतात, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. हा शोध मोठा खराच. परंतु क्षणभर त्या रोग्याकडे वळून पाहूं. मनुष्याच्या मूत्राशयांत सामान्यतः चारशें ते पांचशें घन सेंटिमीटर लघवी मावते. या हिशेबानें त्याला दिवसरात्रींत सव्वीस ते तेहेतीस वेळां, म्हणजे जवळजवळ तासागणिक उठावें लागत असणार. २८ पाइंटांचा आंकडा शास्त्राच्या इतिहासांत अमर झाला. तो मनुष्य सलग किती वेळ झोपे, हा आंकडा मात्र आपणच त्रैराशिक मांडून काढावा लागतो.

हें असें कां होतें, तें आतां थोडक्यांत सांगतों. आपलीं मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात. हें सारें बाहेर गेलें तर मनुष्य जगावयाचा नाहीं. म्हणून त्यांतील बहुतेक सर्व पाणी व झाडून सारी साखर मूत्रपिंडें परत घेतात. परंतु या परतीच्या वाटेला मर्यादा आहे. दर शंभर घन सेंटिमीटर रक्तांत साखर सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, कीं सगळी परत घेणें त्यांना साधत नाहीं. उरलेली साखर मूत्रांत उतरते, आणि उतरतांना स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. पाणी गेलें कीं तहान लागते. तहान भागविली कीं मूत्राशय पुन्हां भरतो. निरोगी माणसाचें शरीर झोपेंत आपण होऊन लघवी कमी व दाट करतें, म्हणून त्याला सहा-सात तास उठावें लागत नाहीं. मधुमेह्याच्या रक्तांतील साखर ही रात्रीची व्यवस्था मोडून टाकते. तेव्हां रात्रीं पाणी पितो म्हणून उठावें लागतें, हा समज अशा रोग्याच्या बाबतींत उलटा आहे; बहुधा लघवी आधीं जाते आणि तहान तिच्या पाठोपाठ येते. आजोबांच्या उशाचा तांब्या आजीनें एकदां उचलून ठेवला होता, तो त्या समजापायींच.

साखर रक्तांत कां सांचते, हें कळण्यास १८८९ साल उजाडावें लागलें. आणि गंमत अशी कीं, तेंहि लघवीच्या बिघडलेल्या संवयीवरूनच कळलें. त्या वेळीं जर्मनीच्या ताब्यांत असलेल्या स्ट्रासबर्ग शहरीं ऑस्कर मिंकोव्स्की व योसेफ फॉन मेरिंग हे दोघे शास्त्रज्ञ स्निग्ध पदार्थांच्या पचनाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं त्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें. कुत्रें घरांत घाण न करण्याची शिकवण मिळालेलें होतें. तरी तें प्रयोगशाळेच्या जमिनीवर वरचेवर मुतूं लागलें. त्याला वेळेवर बाहेर नेत नाहीं म्हणून मिंकोव्स्कीनें नोकराला दटावलें. नोकर म्हणाला, बाहेर नेतों, पण परत आलें कीं तें पुन्हां मुततें. मिंकोव्स्कीचे गुरु नाउनीन यांची शिकवण अशी होती कीं, लघवी वाढलेली दिसली तर तींत साखर पाहावयाची. त्यानें पाहिली, तों ती १२ टक्के भरली! स्वादुपिंडाचा आणि मधुमेहाचा संबंध अशा रीतीनें उघड झाला. त्या नोकराचें नांव इतिहासानें ठेवलें नाहीं. माजघराच्या दाराआडून "पांच वेळां" असें सांगणारी आजी आणि तो नोकर यांचें काम मला एकच वाटतें : रोज जवळ असणाऱ्यानें जें पाहिलें, तें न लाजतां सांगणें.

कारण कळलें, पण उपाय हातीं येण्यास आणखी तेहेतीस वर्षें लागलीं. या मधल्या काळांतील उत्तम समजला जाणारा उपचार म्हणजे उपासमार. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरानें १९१४ च्या सुमारास ही पद्धति शिस्तीनें चालू केली. अन्न तोडलें कीं रक्तांतील साखर उतरे, लघवी कमी होई, रात्र शांत जाई. पण ती शांतता फार महाग होती. एलिझाबेथ ह्यूझ ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतांना तिचें वजन अवघें ४५ पौंड उरलें होतें. उपाशी पोटीं येणारी झोप किंवा लघवीनें मोडणारी झोप, या दोहोंतून एक निवडण्याची पाळी त्या पिढीच्या आईबापांवर आली होती; आणि लहान मुलांच्या बाबतींत दोन्ही वाटा बहुधा मृत्यूकडेच जात.

या कोंडींतून वाट निघाली तीहि एका निद्रानाशाच्या रात्रींतूनच. कॅनडांतील लंडन या गांवीं फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य राहत असे. त्याचा धंदा चालत नव्हता. विद्यार्थ्यांपुढें द्यावयाच्या व्याख्यानाची तयारी करतांना त्यानें स्वादुपिंडावरील एक लेख वाचला आणि विचारांच्या गर्दींत त्याला झोप येईना. ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहांटे दोनच्या सुमारास त्यानें उठून आपल्या वहींत कांहीं ओळी खरडल्या. घाईंत मधुमेहाचें इंग्रजी नांवहि चुकीचें लिहिलें. कल्पना सर्वस्वीं अचूक नव्हती. परंतु तिच्यापायीं तो टोरांटोच्या विद्यापीठांत गेला, आणि मॅक्लाउड, बेस्ट व कॉलिप यांच्या साहाय्यानें इन्सुलिन हातीं आलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोंचली. गुण फारसा आला नाहीं. कॉलिपनें अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीला तो दिल्यावर मुलाच्या लघवींतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. हा मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळालें. इन्सुलिनचें पेटंट नाममात्र एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यांत आलें, ही गोष्टहि येथें सांगितली पाहिजे.

इन्सुलिन आलें म्हणून रात्रीचा प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. आरंभींच्या इन्सुलिनचा अंमल सहा ते आठ तासांतच ओसरे. संध्याकाळच्या सुईनें पहांटेपर्यंतचा पल्ला गांठतां येईना. मधल्या प्रहरांत साखर चढे आणि रोगी पुन्हां उठूं लागे. १९३६ सालीं डेन्मार्कमधील हॅगेडॉर्न या संशोधकानें इन्सुलिनला प्रोटामिन नांवाच्या द्रव्याची जोड देऊन त्याचा अंमल लांबविला. मधुमेह्याच्या झोपेचा म्हणून जर एखादा स्वतंत्र इतिहास कोणी लिहील, तर त्यांत या शोधाला मानाचें पान द्यावें लागेल. मात्र प्रत्येक वराला एक शाप चिकटलेला असतो. औषधाचा अंमल रात्रभर राहूं लागला, तशी झोपेंतच साखर फार उतरण्याची भीतिहि आली. घामानें अंथरूण भिजणें, छातींत धडधडणें, वाईट स्वप्नें पडणें, सकाळीं डोकें दुखणें हीं तिचीं लक्षणें. पूर्वीं रोगी उठतो म्हणून घरच्यांची झोप मोडे. आतां तो उठत नाहीं म्हणून मोडूं लागली.

घरोघरच्या मूत्रपरीक्षेचा काळ आपल्यापैकीं अनेक वृद्ध श्रोत्यांना आठवत असेल. बेनेडिक्टचें निळें द्रावण पांच घन सेंटिमीटर, त्यांत लघवीचे आठ थेंब, आणि खालीं स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर समाधान. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत विटकरी झाला, तर त्या दिवशीं घरांत कोणी गोडाचें नांव काढावयाचें नाहीं. परंतु ही परीक्षा होऊन गेलेल्या तासांची बातमी देई. मध्यरात्रीं रक्तांत काय चाललें आहे, हें तिला कळत नसे. १९६४ च्या सुमारास रक्ताच्या एका थेंबावर साखर दाखविणारी कागदाची पट्टी निघाली. पुढें घरीं वापरावयाचीं यंत्रें आलीं. आणि चालू शतकांत दंडावर चिकटवून रात्रभर साखरेचा आलेख काढणारीं साधनें आलीं. दोन हजार वर्षें अंधारांत असलेली मधुमेह्याची रात्र आतां कोठें डॉक्टरांच्या दृष्टीला पडली.

आणि येथें चरकाच्या त्या झोपेच्या सुखाकडे परत वळावें लागतें. १९९९ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं अकरा निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्रीं फक्त चार चार तास झोपूं दिलें. तेवढ्यानेंच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ति मंदावली. भरपूर झोप दिल्यावर ती पुन्हां सुधारली. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांवरून असें दिसतें कीं, फार थोडी झोप आणि फार अधिक झोप, या दोहोंशींहि मधुमेहाचा संबंध आहे. म्हणजे साखर झोप मोडते, आणि मोडलेली झोप साखर वाढविते. हें दुष्टचक्र प्राचीनांना अर्धेंच दिसलें होतें. दुसरा अर्धा भाग आपल्या पिढीला दिसला. त्यांनीं सुखी निद्रेला दोष दिला. आपण आज जागरणालाहि तितकाच दोष देतों, आणि दोघेहि आपापल्या परीनें बरोबर आहोंत.

रात्रीं उठणारा प्रत्येक मनुष्य मधुमेही असतो, असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये. उतारवयांत पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथि वाढते. हृदय अशक्त झालें कीं दिवसां पायांत उतरलेलें पाणी आडवें होतांच परत रक्तांत येऊन मूत्रपिंडांकडे जातें. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या लघवी वाढवितात. झोपेंत श्वास अडकून घोरण्याचा जो विकार स्थूल माणसांत आढळतो, त्यानेंहि रात्रीची लघवी वाढते, आणि हा विकार मधुमेह्यांत पुष्कळदां असतो. जुन्या मधुमेहांत मूत्राशयाच्या नसा बधिर होऊन तो नीट रिता होत नाहीं. शिवाय मधुमेहावरील कांहीं नवीं औषधें साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढतात. त्या औषधांचें मूळ १८३५ सालीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून काढलेल्या एका कडू द्रव्यांत आहे. वैद्यांनीं ज्या वाटेला दोन हजार वर्षें रोग म्हटलें, तीच वाट आज औषधासाठीं वापरली जात आहे! तेव्हां उठण्याचें कारण कोणतें, हें ठरविणें डॉक्टरांचें काम. किती वेळां उठलों, तें मोजून सांगणें हें आपलें.

हें मी इतक्या आग्रहानें सांगतों, त्याला कारण आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीप्रमाणें आपल्या देशांतील प्रौढांपैकीं ११.४ टक्के, म्हणजे सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. त्यांतील कित्येकांना आपल्या रोगाची वार्ताहि नाहीं. त्यांच्या घरांत रात्रीं दिवा लागत असेल, पाण्याच्या भांड्याचा आवाज होत असेल, आणि सकाळीं "वय झालें" असें म्हणून सारे आपापल्या कामाला लागत असतील. वृद्ध मनुष्य अंधारांत धडपडून खुब्याचें हाड मोडून घेतो, तेव्हां त्या रात्रींची आठवण होते. पण तेव्हां उशीर झालेला असतो. लघवी हा विषय चारचौघांत काढावयाचा नाहीं, ही आपली सभ्यता. तिनें आमच्या घरीं आजोबांचीं दोन-तीन वर्षें खाल्लीं. डॉक्टरांनीं विचारलें नसतें, तर आणखीहि खाल्लीं असतीं.

उपचार सुरू झाले. जेवणांत बदल झाला, सकाळसंध्याकाळ पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फेरी सुरू झाली, आणि रोजची सुई आली. दोन-तीन आठवड्यांनंतरची एक रात्र मला स्पष्ट आठवते. मध्यरात्र उलटून गेली होती आणि माजघरांत कंदील हलत होता. मीं डोळे किलकिले करून पाहिलें, तों आजी आजोबांच्या अंथरुणाशीं बसली होती आणि वांकून त्यांचा श्वास ऐकत होती. अडसर वाजला नाहीं म्हणून ती घाबरून जागी झाली होती. आजोबा गाढ झोपले होते. तिनें कंदिलाची वात उतरविली; पण ती लगेच निजली नाहीं, कितीतरी वेळ तशीच अंधारांत बसून राहिली.